हेडर-ओन्ली लायब्ररी लिहिताय? मग बाहेरच्या लायब्रऱ्या मोजून घ्या

सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या टेबलासमोर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. तिने सी प्लस प्लसमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली होती. कोयना, वारणा या धरणांचा साठा वाचायचा, साठ्याच्या टीएमसीचे क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) करायचे आणि आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेवर गेली की ४५ फुटांच्या धोका रेषेवर, ते सांगायचं. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत हा हिशेब घराघरांत तोंडी चालतो, तिने तो कोडमध्ये उतरवला इतकंच. "सर, हेडर-ओन्ली आहे. नुसतं इन्क्लूड करायचं, बाकी काही नाही," ती म्हणाली. मी माझ्या मशीनवर नुसतं इन्क्लूड केलं. पहिलीच एरर: बूस्टचं हेडर सापडत नाही.

तिचं स्वतःचं कोड जेमतेम चारशे ओळी. त्यात बाहेरच्या लायब्रऱ्या पाच: बूस्ट (लायब्रऱ्यांचा मोठा संच), मजकुराची मांडणी करणारी एफएमटी, तारखांची एक, जेसन स्वरूपातली माहिती वाचणारी नील्स लोमान यांची जेसन, आणि टेस्टसाठी कॅच-टू. पहिली हेडर-ओन्ली लायब्ररी लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं असं होतं, माझंही झालं होतं. म्हणून त्या दुपारी आम्ही जे जे केलं ते त्याच क्रमाने इथे लिहितो. आज्ञांची आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच करा.

मधे धरण नाही, हे आधी डोक्यात बसवा

साध्या लायब्ररीत दोन भाग असतात. हेडरमध्ये फंक्शनची नावं, आणि .सीपीपी फाइलमध्ये त्यांच्या आतलं काम. ती .सीपीपी फाइल तुम्ही एकदा कंपाइल करून देता. आत बूस्ट वापरलंय की आणखी काही, हे वापरणाऱ्याला कळतही नाही. त्याच्या मशीनवर बूस्टचं हेडर नसलं तरी त्याचं काम अडत नाही.

हेडर-ओन्लीत ती .सीपीपीच नाही. तुमचं सगळं कोड वापरणाऱ्याच्या फाइलमध्ये जाऊन तिथे कंपाइल होतं, आणि तुम्ही ज्यांना इन्क्लूड केलंय तेही सगळे तिथेच उतरतात. कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की सांगलीकर पुलावर पाणी बघायला जातो, कारण कराडच्या संगमापासून इथपर्यंत ते थोपवेल असं मोठं धरण मधे नाही. .सीपीपी फाइल म्हणजे ते धरण. हेडर-ओन्लीत तुम्ही ते बांधलेलंच नाही.

म्हणजे हेडर-ओन्ली लायब्ररीत 'खासगी' डिपेंडन्सी (जिच्यावर आपण अवलंबून आहोत ती बाहेरची लायब्ररी) नावाची गोष्ट नसते. तुम्ही घेतलेली प्रत्येक लायब्ररी ही वापरणाऱ्यानेही घेतलेली लायब्ररी. तिचे मॅक्रो (कंपाइल होण्याआधीच दुसऱ्या मजकुराने बदलली जाणारी नावं) त्याच्याकडे जातात, तिच्या वॉर्निंग त्याच्या स्क्रीनवर येतात, तिचा कंपाइलचा वेळ त्याच्या घड्याळात मोजला जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

पहिली पायरी: आपण काय काय ओढून आणतोय ते बघा

अंदाज करू नका, मोजा. एक रिकामी .सीपीपी फाइल करा, तिच्यात फक्त तुमचं हेडर इन्क्लूड करा. जीसीसी किंवा क्लँग या कंपाइलरला मोठ्या एचचा स्विच दिला की कोणी कोणाला इन्क्लूड केलं त्याची उतरंड छापून येते. मोठ्या ईचा स्विच दिला की प्रीप्रोसेसरचं आउटपुट, म्हणजे सगळी इन्क्लूड उलगडलेला मजकूर, मिळतं. ते 'डब्ल्यूसी -एल'कडे पाठवून ओळी मोजा. नुसतं आयओस्ट्रीम इन्क्लूड केलं तरी वीस-तीस हजार ओळी सहज होतात, त्यामुळे आकडा बघून लगेच घाबरू नका. आधी स्टँडर्ड लायब्ररीपुरता आकडा काढा, मग तुमच्या हेडरचा, आणि दोन्हींतला फरक बघा. तिच्या हेडरच्या बाबतीत तो फरक बघून आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प होतो.

दुसरी पायरी: एकेक लायब्ररी हातात घेऊन विचारा, ही हवीच का?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बाकीच्या पायऱ्या म्हणजे जे उरेल त्याची निगा.

बूस्ट कशाला होतं? स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढायला. बूस्ट उत्तम आहे, पण ट्रिमसाठी ते आणणं म्हणजे चिमूटभर हळदीसाठी मार्केट यार्डातून पोतं उचलून आणणं. आठ ओळींचं फंक्शन लिहिलं, 'डिटेल' नावाच्या आतल्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवलं, बूस्ट गेलं.

एफएमटी कशाला? 'कोयना: ९८.५ टीएमसी' अशी ओळ बनवायला. इथे ती म्हणाली की सी प्लस प्लस २० मध्ये स्टँडर्डचं फॉरमॅट आलंय, ते वापरते. बरोबर, पण ते जीसीसीमध्ये १३ व्या आवृत्तीपासून आहे, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू २२.०४ आहे, ज्यात मुळात जीसीसी ११ येतं. मग आम्ही वेगळाच प्रश्न विचारला: लायब्ररीने ओळ बनवायचीच कशाला? तिने आकडे द्यावेत, छापायचं काम वापरणाऱ्याचं. त्याला मराठीत छापायचंय की फलकावर लाल अक्षरांत, ते आपल्याला काय ठाऊक? फॉरमॅटिंगचं फंक्शनच काढून टाकलं. एफएमटी गेलं.

कॅच-टू तर मुख्य हेडरमध्ये होतं, टेस्टचे मॅक्रो तिथेच लिहिलेले. टेस्टची लायब्ररी फक्त 'टेस्ट्स' फोल्डरमध्ये राहते, आणि वापरणाऱ्याच्या बिल्डमध्ये ते फोल्डर येतच नाही. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

जेसनचा प्रश्न खरा होता. धरणांची माहिती तिला जेसनमध्ये मिळत होती, त्यामुळे ती वाचणं भाग होतं. पण तिच्या लायब्ररीचा गाभा जेसन नाही, गाभा हिशेब आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की एक टीएमसी दिवसभरात सोडायला सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. या भागाकाराला जेसन कुठे लागतं? म्हणून दोन हेडर केली. 'माप.एचपीपी'मध्ये नुसता हिशेब, बाहेरचं काहीही नाही. 'जेसन.एचपीपी'मध्ये वाचनाचं काम, ज्याला हवं त्यानेच ते इन्क्लूड करावं.

यापुढे एक युक्ती आहे, ती मला स्वतःला फार आवडते. लोमान यांच्या लायब्ररीला तुमचा स्ट्रक्ट वाचायला शिकवायचं असेल तर त्या स्ट्रक्टच्याच नेमस्पेसमध्ये 'फ्रॉम_जेसन' नावाचं फंक्शन लिहायचं, ती ते आपोआप शोधते. नवखा माणूस या फंक्शनचा पहिला पॅरामीटर त्या लायब्ररीच्या जेसन टाइपचा लिहितो, आणि त्यासाठी अख्खं हेडर आणतो. त्याऐवजी ते फंक्शन टेम्पलेट करा: पहिला पॅरामीटर कुठल्याही टाइप 'जे'चा, दुसरा तुमच्या 'धरण' स्ट्रक्टचा. आत जे.अ‍ॅट(...) आणि त्यावर गेट_टू(...) लिहा. हे सगळं 'जे'वर अवलंबून असल्याने कंपाइलर त्याची खरी तपासणी वापराच्या वेळी करतो, तोवर जेसनचं हेडर लागतच नाही. ज्याच्याकडे जेसन आहे त्याचं काम होतं, ज्याच्याकडे नाही त्याला ते फंक्शन आहे हे कळतही नाही. दुसरा पॅरामीटर तुमच्याच टाइपला बांधलेला असल्यामुळे हे टेम्पलेट भलत्याच टाइपला जाऊन चिकटण्याची भीती नाही.

तिने हे बदललं, आणि 'जेसन.एचपीपी'मधली इन्क्लूडची ओळ खोडली तरी ते कंपाइल झालं. "म्हणजे आता जेसनवर अवलंबून आहे की नाही?" तिने विचारलं. आहे, पण हेडर कुठलं आणि कुठल्या आवृत्तीचं, हे आता वापरणारा ठरवतो. मात्र तुमच्या टेस्ट खऱ्या जेसन लायब्ररीसोबत चालवायलाच हव्यात, नाहीतर त्या टेम्पलेटमधली चूक पहिल्यांदा वापरणाऱ्यालाच दिसेल.

तिसरी पायरी: प्रत चिकटवण्याचा मोह

जी लायब्ररी खरंच लागते ती आणायचे ढोबळ मार्ग तीन. तिची प्रत स्वतःच्या रेपोमध्ये ठेवणं, बिल्डच्या वेळी नेटवरून ओढणं, किंवा 'ही तुमच्याकडे असायला हवी' असं जाहीर करून वापरणाऱ्यावर सोडणं. नवख्यांना पहिला मार्ग सोपा वाटतो. एकच फाइल असते, कॉपी-पेस्ट, झालं.

मी हेच केलं होतं. एका गिऱ्हाईकासाठी लिहिलेल्या हेडर लायब्ररीत मी सीएसव्ही वाचणाऱ्या एका लहान लायब्ररीची प्रत तशीच चिकटवून दिली. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती आधीपासून होती, हे मी विचारलंच नाही. बिल्ड व्यवस्थित झालं. एक वॉर्निंग नाही, एक एरर नाही. प्रोग्रॅम चालवला की नोंदीचं नाव बरोबर यायचं आणि त्यापुढचा आकडा कचरा.

दोन दिवस डेटाला दोष दिला. शेवटी दोन वेगवेगळ्या .सीपीपी फाइलींतून त्याच स्ट्रक्टचा साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार, छापला. एकीकडे ४०, दुसरीकडे ४८. तेव्हा उलगडा झाला. जुन्या आवृत्तीत स्ट्रिंग आणि तिच्यामागे डबल, म्हणजे ३२ अधिक ८. नव्या आवृत्तीत त्या दोघांच्या मधे ओळ क्रमांकाचा एक इंट घातलेला. स्ट्रिंग दोन्हीकडे पहिल्याच जागी, म्हणून नाव बरोबर. डबल आठ बाइट सरकलेला, म्हणून आकडा कचरा.

एकाच प्रोग्रॅममध्ये दोन आवृत्त्या कशा शिरल्या? दोन्ही प्रतींचा इन्क्लूड गार्ड (एकच हेडर एका फाइलमध्ये दोनदा येऊ नये म्हणून घातलेला मॅक्रो) एकच होता. ज्या फाइलमध्ये माझं हेडर आधी आलं तिथे जुनी आवृत्ती बसली आणि नवी गार्डने बाहेर ठेवली. ज्या फाइलमध्ये त्यांचं हेडर आधी आलं तिथे उलटं झालं. दोघींची इनलाइन फंक्शनं एकाच नावाची. लिंकरला एकाच नावाची अनेक इनलाइन फंक्शनं दिसली की तो 'सगळी सारखीच असणार' असं धरून एक ठेवतो, बाकीची गुपचूप टाकतो. एका गोष्टीची व्याख्या सगळीकडे एकच हवी, हा सी प्लस प्लसचा नियम, ज्याला सगळे ओडीआर (वन डेफिनिशन रूल) म्हणतात. तो मोडला तर कंपाइलरने किंवा लिंकरने सांगितलंच पाहिजे असं बंधन नाही. म्हणून हा रोग दुखत नाही, एकदम पाडतो.

यावरून माझा नियम: हेडर-ओन्ली लायब्ररीने बाहेरच्या लायब्ररीची प्रत उघडी ठेवायची नाही. ठेवायचीच असेल, म्हणजे ती मूळ लायब्ररी बेवारस पडलीय किंवा तुम्हाला तिच्यातली दोनच फंक्शनं हवीत, तर तिचं नेमस्पेस बदलून आपल्या नेमस्पेसच्या पोटात घ्या. इन्क्लूड गार्ड बदला, मॅक्रोंची नावंही बदला. हे दोन हटकून विसरले जातात. फाइल आपल्या लायब्ररीच्या नावाच्या फोल्डरमध्येच ठेवा. कुठली आवृत्ती, कुठला कमिट, हे वरती कॉमेंटमध्ये लिहा, आणि मूळ लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. एमआयटी लायसन्स असेल तर कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रतीसोबत जायलाच हवा.

मोठ्या लायब्रऱ्यांनी यावर स्वतःच उपाय केलेत. एफएमटी आपली आवृत्ती इनलाइन नेमस्पेसमध्ये ठेवते, लोमान यांची जेसन ३.११ पासून ठेवते. त्यामुळे दोन आवृत्त्या समोरासमोर आल्या की बहुतेक वेळा लिंकिंगच्या वेळीच एरर येते. एरर आलेली बरी. तुमच्या लायब्ररीतही हे करायला एका ओळीचा खर्च आहे.

चौथी पायरी: सीमेकमध्ये खरं ते सांगा

सीमेक म्हणजे प्रोजेक्ट कसं बिल्ड करायचं ते लिहून ठेवायचं साधन. फोल्डरची रचना आधी. 'इन्क्लूड' फोल्डर, त्यात तुमच्या लायब्ररीच्या नावाचं फोल्डर, त्यात हेडर. 'युटिल्स.एचपीपी' अशी फाइल थेट 'इन्क्लूड'मध्ये ठेवू नका. जगातल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक 'युटिल्स' असतंच.

सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये अ‍ॅड_लायब्ररी लिहिताना प्रकार 'इंटरफेस' द्या. याचा अर्थ: कंपाइल करायला काही नाही, फक्त वापरणाऱ्यापर्यंत पोचवायच्या सूचना आहेत. त्यानंतर टार्गेट_इन्क्लूड_डिरेक्टरीज, टार्गेट_कंपाइल_फीचर्स आणि टार्गेट_लिंक_लायब्ररीज या तिन्हींत 'इंटरफेस' हाच शब्द येतो, कारण 'प्रायव्हेट'ला इथे जागाच नाही. सी प्लस प्लस १७ लागत असेल तर ते टार्गेट_कंपाइल_फीचर्समध्ये सांगा. वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टचं स्टँडर्ड ग्लोबल व्हेरिएबलने बदलायला जाऊ नका, ते त्याचं घर आहे. 'पाणी::पाणी' असं दोन विसर्गचिन्हांचं टोपणनावही द्या. अशा नावात टायपो झाला तर सीमेक तिथेच थांबतं. साध्या नावाला ते सिस्टीममधली लायब्ररी समजून पुढे जातं आणि एरर लिंकिंगच्या वेळी येते.

जेसनसाठी वेगळं टार्गेट करा, 'पाणी::जेसन'. ते 'पाणी::पाणी'ला आणि बाहेरच्या जेसन टार्गेटला जोडा. ज्याला फक्त हिशेब हवाय त्याच्या वाटेला जेसन येत नाही.

आता हमखास चुकणारी जागा. तुमच्या सीमेकलिस्ट्समध्ये फाइंड_पॅकेजने जेसन शोधलंत, इन्स्टॉल केलंत, तुमच्या मशीनवर सगळं चाललं. दुसऱ्याने इन्स्टॉल केलेली प्रत वापरली की त्याला 'टार्गेट सापडत नाही' येतं. कारण इन्स्टॉल झालेली कॉन्फिग फाइल जेसन पुन्हा शोधत नाही. ते तुम्ही सांगावं लागतं. कॉन्फिग फाइलमध्ये, टार्गेटची फाइल ओढण्याच्या आधी, फाइंड_डिपेंडन्सी लिहा. फाइंड_पॅकेज तुमच्यासाठी, फाइंड_डिपेंडन्सी तुमच्या वापरणाऱ्यासाठी. या एका ओळीपायी मी लोकांचे रविवार वाया गेलेले पाहिलेत.

त्याच ठिकाणी आणखी एक बारीक गोष्ट. आवृत्तीची फाइल सीमेककडून बनवून घेताना 'आर्च_इंडिपेंडंट' हा पर्याय द्या, सीमेक ३.१४ पासून तो आहे. नाहीतर ६४ बिट मशीनवर इन्स्टॉल केलेली तुमची निव्वळ हेडर ३२ बिटच्या बिल्डला 'जुळत नाही' म्हणून नाकारली जातात.

पाचवी पायरी: नेटवरून ओढायचंच असेल तर

सीमेकचं फेचकंटेंट सोयीचं आहे, टेस्टसाठी तर मी तेच वापरतो. मुख्य लायब्ररीसाठी मात्र आधी शोधा, न सापडल्यास ओढा. सीमेक ३.२४ पासून फेचकंटेंटच्या घोषणेतच 'फाइंड_पॅकेज_आर्ग्ज' लिहिलं की ते हाच क्रम पाळतं. एकाच नावाची घोषणा दोन ठिकाणी असेल तर जी आधी आली ती धरली जाते. म्हणून वापरणाऱ्याने वरच्या पातळीवर आपली आवृत्ती घोषित केली की तुमची घोषणा बाजूला पडते. हे चांगलंच आहे. त्यात ढवळाढवळ करू नका.

ओढताना शाखेचं नाव देऊ नका. 'मेन' आज एक आहे, उद्या दुसरं. पूर्ण कमिट हॅश द्या, किंवा फाइल उतरवत असाल तर एसएचए-२५६ द्या. गिटहबवर प्रकल्पाने स्वतः अपलोड केलेली रिलीज फाइल असेल तर तीच घ्या. आपोआप बनणाऱ्या झिप आणि टारच्या फाइलींचा हॅश जानेवारी २०२३ मध्ये अचानक बदलला होता आणि जगभरातले बिल्ड पडले. काही तासांत तो बदल मागे घेतला गेला, पण धडा मिळाला. गिट सबमॉड्यूल वापरत असाल तर त्या आपोआप बनणाऱ्या झिपमध्ये सबमॉड्यूल येत नाही. वापरणारा झिप उतरवतो, फोल्डर रिकामं बघतो आणि तुम्हाला मेल करतो.

नेट नसतानाचीही सोय करून ठेवा. २०१९ च्या महापुरात आमच्या भागात वीज आणि नेट दोन्ही गेलं होतं. नंतर नेटच्या आधी वीज आली तेव्हा माझ्याकडे चालू लॅपटॉप होता आणि बिल्ड मात्र होत नव्हतं, कारण प्रत्येक नव्या बिल्ड फोल्डरला सगळं पुन्हा उतरवायचं होतं. फेचकंटेंट_सोर्स_डिर आणि त्यापुढे लायब्ररीचं नाव, या व्हेरिएबलमध्ये डिस्कवरच्या प्रतीचा पत्ता दिला की नेट लागत नाही. हे रीडमीमध्ये लिहा. पूर न आलेल्या गावातही लोक ऑफिसच्या फायरवॉलमागे बसलेले असतात.

व्हीसीपीकेजी आणि कोनान हे पॅकेज मॅनेजर वापरणारा ठरवतो, तुम्ही नाही. तुमचं फाइंड_पॅकेज आणि फाइंड_डिपेंडन्सी नीट असेल तर दोघांसोबतही फारसं वेगळं करावं लागत नाही. कोनान २ मध्ये मात्र डिपेंडन्सीला 'ट्रान्झिटिव्ह_हेडर्स' खरं करून सांगावं लागू शकतं. तुमच्या पॅकेजचा प्रकार हेडर-लायब्ररी असा नोंदवलात की ते तो स्वतः धरतो.

सहावी पायरी: 'असेल तर वापर' हे कोड सावध लिहा

सी प्लस प्लस १७ मध्ये '__हॅज_इन्क्लूड' आलं. अमुक हेडर मशीनवर आहे का हे प्रीप्रोसेसरला विचारता येतं. त्यामुळे 'जेसन असेल तर स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढव' असं लिहायचा मोह होतो. नका. एका टार्गेटच्या इन्क्लूड पाथमध्ये जेसन आहे, दुसऱ्याच्या नाही, आणि दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये लिंक होतात. पुन्हा ४० आणि ४८.

निवड उघड मॅक्रोने करा, आणि तो मॅक्रो टार्गेटवरून जाऊ द्या, म्हणजे त्या टार्गेटला जोडलेल्या प्रत्येकाला तो सारखाच मिळतो. स्ट्रक्टचा आकार किंवा फंक्शनचा अर्थ कुठल्याही मॅक्रोने बदलू नका. नवं फंक्शन वाढलं तर चालेल. __हॅज_इन्क्लूडचा सरळ उपयोग एकच: हेडर नसेल तर शंभर ओळींच्या गोंधळाऐवजी '#एरर' देऊन 'पाणी::जेसन टार्गेट जोडा' असं एका वाक्यात सांगणं. बाहेरच्या लायब्ररीची आवृत्ती फार जुनी असेल तर तेही असंच, तिच्या आवृत्तीच्या मॅक्रोवरून तपासून सांगता येतं.

सातवी पायरी: शेजारधर्म

हेडरमध्ये 'यूजिंग नेमस्पेस' नको. स्वतःचे मॅक्रो काम झालं की अनडेफ करा. जे वापरता ते स्वतः इन्क्लूड करा. 'व्हेक्टर' आपल्याला जेसनच्या हेडरमधून मिळतोय यावर विसंबलात तर त्यांच्या पुढच्या आवृत्तीत तुमचं हेडर मोडेल. विंडोजचं मुख्य हेडर 'मिन' आणि 'मॅक्स' नावाचे मॅक्रो घेऊन येतं, म्हणून स्टँडर्डचं मिन बोलावताना नावाभोवती कंस घाला, मग मॅक्रो लागू होत नाही. फंक्शनला 'इनलाइन' आणि इशारा पातळीच्या ४० सारख्या स्थिरांकांना 'इनलाइन कॉन्स्टएक्सपर' विसरू नका.

हे सगळं डोळ्यांनी तपासू नका, टेस्ट लिहा. माझ्या प्रत्येक हेडर लायब्ररीत दोन रिकाम्यासारख्या .सीपीपी फाइली असतात. दोघींत फक्त सगळी हेडर इन्क्लूड केलेली, एकीत सुलट क्रमाने, दुसरीत उलट. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये लिंक करायच्या. 'इनलाइन' राहिलं असेल तर लिंकर 'दोनदा व्याख्या' म्हणून ओरडतो. एखादं हेडर दुसऱ्याच्या जिवावर जगत असेल तर उलट क्रमात ते सहसा पकडलं जातं. दहा मिनिटांचं काम आहे. सीमेक ३.२४ पासून प्रत्येक हेडर एकटं कंपाइल होतंय का हे तपासायची सोयही आहे, पण त्यासाठी हेडर फाइल-सेट म्हणून नोंदवावी लागतात. ते नंतर शिका.

'जेसन ३.९ पासून चालते' असं रीडमीमध्ये लिहायचं असेल तर ३.९ सोबत खरंच बिल्ड करून बघा. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी, दोन्ही टोकं रोजच्या तपासणीत हवीत. मधल्या आवृत्त्या बहुतेक वेळा आपोआप निभतात.

आणि डिपेंडन्सी कमीच होत नसतील, तीन-चार मोठ्या लायब्रऱ्या खरंच लागत असतील, तर हेडर-ओन्लीचा हट्ट सोडा. कॅच-टूनेही तिसऱ्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, एकाच हेडरची पद्धत सोडून कंपाइल होणाऱ्या लायब्ररीची वाट धरली. एफएमटी आणि लॉग लिहिणारी एसपीडीलॉग दोन्ही पर्याय देतात. एक .सीपीपी फाइल घातली की धरण उभं राहतं.

शेवटची तपासणी

रेपोच्या बाहेर नवं फोल्डर करा. लायब्ररी एका तात्पुरत्या ठिकाणी इन्स्टॉल करा आणि मूळ रेपोचं नाव बदलून टाका, म्हणजे चुकून तिथलं हेडर उचललं जाणार नाही. मग छोटीशी सीमेकलिस्ट्स आणि पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहा, फक्त 'पाणी::पाणी' जोडून. शक्यतो दुसऱ्याच्या मशीनवर.

आम्ही ते माझ्या मशीनवर केलं, जिथे सुरुवातीला बूस्ट सापडत नव्हतं. पहिल्या वेळी पडलं, कारण कॉन्फिग फाइल 'पाणी::जेसन' न मागताही जेसन शोधत होती. फाइंड_डिपेंडन्सी कंपोनंटच्या अटीत घातली, म्हणजे जेसनचा भाग मागितला तरच ती चालते. दुसऱ्या वेळी स्क्रीनवर ११५७४ आला. तारखांची लायब्ररी अजून 'जेसन.एचपीपी'मध्ये आहे, तारीख वाचणारं स्टँडर्डचं पार्स जीसीसीत १४ व्या आवृत्तीपासून मिळतं, लॅबमध्ये ते आलं की काढते, असं म्हणून तिने इश्यू उघडून ठेवलाय.